मत्स्यविनोद, मुक्काम होटगी

काश्मीर नाहीतर कुलू-मनाली पाहून आलेली मंडळी हल्ली एक नवी गोष्ट सांगू लागली आहेत. पूर्वी शिकारा, केशर आणि सफरचंदे एवढ्यावर भागत असे. आता त्यांत ट्राउट माशाची भर पडली आहे. ‘पहलगामला आम्ही ट्राउट खाल्ला’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ‘पहलगामला मी ट्राउट धरला’ असे सांगणारा क्वचित भेटतो. पण तो एकदा भेटला की तासभर सुटका नाही. प्रथम दोन वितींचे असलेले अंतर त्याच्या दोन्ही हातांमध्ये हळूहळू वाढत जाते आणि चहा संपेपर्यंत मासा हातभर झालेला असतो.

या मंडळींच्या आनंदाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या शेवटच्या वाक्याबद्दल. सगळे वर्णन झाले की एक सुस्कारा येतो आणि ते म्हणतात, “नाहीतर आपल्याकडे काय आहे? धूळ, ऊन आणि चादरी!” सोलापूरकर तर हे वाक्य इतक्या सहजपणे म्हणतात, की जणू ते नगरपालिकेने ठराव करून संमत केले आहे. या वाक्याला उत्तर द्यावे असे पुष्कळ दिवस मनात होते. दिवाळी अंकात या सदराला नेहमीपेक्षा जास्त जागा मिळते, तेव्हा यंदा ते देऊन टाकतो.

प्रथम ट्राउटला त्याचा मान देऊ. ट्राउट धरण्याची जी खानदानी पद्धत आहे, तिला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. तिच्यात गळाला गांडूळ नसते, कणीक नसते. कोंबड्याचे पीस, रेशमाचा धागा, एखादा केस असे काहीबाही बारीकशा आकड्याला बांधून त्याची माशी तयार करतात. खरी माशी पाण्यावर जशी अलगद उतरते, तशी ही खोटी माशी उतरवायची. आता पिसाला वजन ते कसले? ते दूर फेकावे कसे? आपल्या साध्या गळाला शिशाचा भार असतो. त्या भाराबरोबर दोरी जाते. इथे उलटे आहे. दोरीच जाड आणि जड असते, काठी लवचीक असते. काठीच्या झोक्याने दोरी डोक्यावरून मागे जाते, पुन्हा पुढे येते, आणि तिच्या टोकाला असलेली माशी शेवटी, काही घडलेच नाही अशा थाटात, पाण्यावर टेकते. झोका चुकला, पाण्यावर ‘डुबुक’ असा आवाज झाला, की मासा त्या दिवशी तुमचे नाव टाकतो. म्हणून या खेळाचे शौकीन गर्दीचे पाणी टाळतात आणि डोंगरातला एखादा आडबाजूचा, कमी बोलका ओढा शोधत हिंडतात.

परंतु गंमत अशी की, हा ट्राउट मुळात हिंदुस्थानचा नव्हेच. तपकिरी ट्राउट युरोपचा, इंद्रधनुषी ट्राउट उत्तर अमेरिकेचा. साहेबाला इथल्या थंड ओढ्यांत आपल्या गावचा मासा हवासा वाटला, म्हणून त्याने तो आणला. काश्मीरसाठी 1899 साली विलायतेहून निघालेली अंडी वाटेतच मेली. 1900 साली स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली. ती वाढवण्याच्या कामी श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे मिचेल नावाचे गृहस्थ पुढे होते. नीलगिरीत 1907 च्या सुमारास विल्सन यांनी अव्हलांच येथे ट्राउटची पैदास सुरू केली; त्यामागोमाग कुलूचे ओढे आले. म्हणजे आपले प्रवासी जो ‘काश्मिरी’ ट्राउट कौतुकाने खाऊन येतात, तो तिथला सव्वाशे वर्षांचा पाहुणा आहे.

आणि पाहुणा मोठा नाजूक. पाणी वीस अंशांच्या वर तापू लागले की त्याचा जीव कासावीस होतो; कारण ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो. आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा चाळीस ओलांडून वर जातो. इथे ट्राउट आणला, तर तो स्वयंपाकघरात पोचण्यापूर्वीच शिजेल! तेव्हा सोलापुरात ट्राउट नाही, हे मान्य. पण म्हणून मासे धरण्याची मौज नाही, हे मात्र मान्य नाही.

ही मौज आपल्याकडे विलायतेतून आली, अशी एक समजूत आहे. गळाच्या कलेवरचे इंग्रजीतले पहिले छापील पुस्तक 1496 सालचे, आणि आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ 1653 सालचा. आता आपल्या अंगणात पाहा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1130 च्या आसपास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. सोलापूरहून मोटारीने दोन-अडीच तासांची वाट. हा सारा मुलूख त्याच्याच राज्यातला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्य कसे मिळवावे, कसे राखावे, काय जेवावे, कसे गावे, सारे काही आहे. मांड्यांपासून हत्तींपर्यंत काहीही सुटलेले नाही. आणि त्यातल्या विनोदांच्या प्रकरणांत एक ‘मत्स्यविनोद’ आहे. मासे कोणकोणते, त्यांतले खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, कोणाला पिठाभाताचे गोळे आवडतात आणि कोणाला मांस, दोरी कशी असावी, काठी कशी असावी, गळ कसा असावा, हे राजाने बैठक मारून सांगितले आहे. महाशीर मासा गळाला लावण्याचा जुन्यातला जुना उल्लेख अभ्यासक याच ग्रंथात दाखवतात. इंग्रजी पुस्तकापेक्षा हा ग्रंथ साडेतीनशेहून अधिक वर्षांनी वडील! बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेली त्याची प्रत आजही मोठ्या ग्रंथालयांत पाहायला मिळते.

‘विनोद’ हा शब्द आता आपण हसवण्यापुरता ठेवला आहे. सोमेश्वराच्या काळी त्याचा अर्थ मोठा होता. मन रमवणे, कंटाळा दूर सारणे, हा विनोद. त्या अर्थाने तळ्याकाठी गळ टाकून दिवसभर बसणे यासारखा विनोद नाही. सोमेश्वर हे लिहीत होता त्याच शतकात सोन्नलिगे, म्हणजे आमच्या सोलापुरात, सिद्धरामेश्वर लोकांकडून तळे खोदवीत होते, अशी परंपरा आहे. राजा मासे धरण्याचे शास्त्र लिहितो आणि संत पाणी साठवतो. दोघांचेही काम पाण्याकाठचेच. मग ‘आपल्याकडे काय आहे’ असे म्हणायची छाती कशी होते, हे मला कळत नाही.

एवढे पांडित्य झाल्यावर आता प्रत्यक्ष तळ्यावर जाऊ. माझे आवडते तळे होटगीचे. सोलापूरहून आग्नेयेला निघालेला रस्ता विमानतळावरून, विमानांच्या वाटेत येते म्हणून 2023 साली पाडलेल्या साखर कारखान्याच्या त्या प्रसिद्ध चिमणीच्या जागेवरून पुढे होटगीला जातो. होटगी गाव लहान. पण रेल्वेच्या नकाशात त्याला मोठा मान. मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गाला विजापूर-गदगचा फाटा इथे फुटतो. तिकडची गाडी पुष्कळ वर्षे मीटर गेजची होती. त्यामुळे होटगीत मराठी, कानडी, तेलुगू या तिन्ही भाषा एकाच फलाटावर उतरतात आणि एकमेकींना न विचारता एकमेकींचे शब्द वापरतात. मासे धरण्याच्या आकड्याला आपण गळ म्हणतो, कानडीत तो गाळ, तेलुगूत गालम्. तीन भाषांची माणसे जिथे एकाच शब्दाने मासा धरतात, तिथे बसायला मला बरे वाटते.

मला या तळ्यावर नेणारे गृहस्थ रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. वय ऐंशीच्या घरात, पाठ ताठ, नजर अजून सिग्नलवर असल्यासारखी. सारे गाव त्यांना गार्डसाहेब म्हणते. ते मला मास्तर म्हणतात. मी कधीही शाळेत शिकवलेले नाही, पण लिहिणारा माणूस म्हणजे मास्तर, असा त्यांचा हिशेब आहे.

आश्विनातली पहाट. ज्वारीची पेरणी नुकती आटोपलेली. काळ्या रानातून कोवळ्या रेघा वर आलेल्या. पाऊस बरा झाल्यामुळे तळे काठापर्यंत भरलेले. तळ्यातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या सोसायटीकडे असतो. तेव्हा पहिला रिवाज असा, की सोसायटीच्या माणसाला रामराम करून ‘बसू का?’ म्हणून विचारायचे. जाळे लावणाऱ्या भोयांचे पोट या पाण्यावर आहे. आपला नुसता विनोद आहे. पोटाने विनोदाला परवानगी दिली की मगच काठी काढायची.

गार्डसाहेबांची काठी कळकाची. दोरी तंगुसाची. पाण्यावर तरंगायला जोंधळ्याच्या ताटातले भेंड. ते बुडले की समजावे, खाली कोणीतरी आले. आमिषाला कणीक आणि तीत शेंगदाण्याची पेंड. आणि आमच्या फडक्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. “बघा मास्तर,” गार्डसाहेब म्हणाले, “माशाला पेंड, माणसाला चटणी. शेंग एकच की हो!”

गळ टाकल्यावर पहिला तास माणसाचा शहरी ताप उतरण्यात जातो. हात खिशाकडे वळतात, घड्याळ पाहावेसे वाटते, काहीतरी बोलावेसे वाटते. गार्डसाहेब बोलू देत नाहीत. मग हळूहळू पाणी दिसू लागते. टिबुकली बुडी मारते आणि आपण तिच्या वर येण्याची जागा चुकीची ठरवतो. खंड्या बाभळीच्या फांदीवर बसून आपल्याकडे धंद्यातल्या नवशिक्याकडे पाहावे तसे पाहतो. काठाशी बारीक बुडबुडे येतात. तिथे मृगळ चिखल हुंगतो आहे. मधेच पाण्यावर एक गोल उमटतो आणि विरतो. कोणीतरी किडा टिपला. काश्मीरच्या ओढ्यावर बसलेला माणूस याहून वेगळे काय पाहतो? पाण्याखालच्या जगाचा वरून अंदाज करणे, एवढाच तर हा सारा खेळ.

दहा वाजेपर्यंत तीन चिलाप्या लागल्या. गार्डसाहेबांनी त्यांच्याकडे, बिनतिकीट प्रवाशाकडे पाहावे, तसे पाहिले. मग एक मिशाळ, काटेरी मासा आला. तो हातात धरताना त्यांनी मोठी काळजी घेतली. “हा शिंगाळा. याच्या पाठीचा काटा लागला तर रात्रभर आठवण राहते बघा. याच्यासारखाच दुसरा एक असतोय, घोगऱ्या. भीमेत जास्त. आता कमी झाला. खरपी कमी झाली. कोळशी तर मी किती वर्षांत बघितली नाही.” मी वही काढली. ते एकेक नाव सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. वाम, मरळ, खरपी, शिंगाळा, घोगऱ्या, कोळशी, अळकूट. काही नावे ते कानडीत सांगत, मग मराठीत. मरळीला तेलुगू पद्मशाली मंडळी कोरमीनू म्हणतात, हेही त्यांनी टिपून घ्यायला लावले. विणकरांच्या घरी तिचा मोठा मान.

दुपारी ऊन चढले तसे मासे खोल गेले. संध्याकाळी चारनंतर गार्डसाहेबांनी पिशवीतून एक आगपेटी काढली. आत इवलासा गळ आणि त्याला लाल धाग्याने बांधलेले कोंबड्याचे पीस. मी चकित झालो. नोकरीच्या आरंभी एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने त्यांना हे बांधायला शिकवले होते. गाडी सुटायला अवकाश असला की दोघे जवळच्या पाण्यावर जात. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर ते एक नवे पीस बांधतात. शिसे नाही, भेंड नाही. त्यांनी काठी एकदा मागे, एकदा पुढे हलवली आणि ते लाल पीस उन्हाने पिवळ्या झालेल्या पाण्यावर टेकले. तिसऱ्या झोक्याला चांदीच्या तुकड्यासारखे काहीतरी चमकले. अळकूट! बोटाएवढा मासा. गार्डसाहेबांनी ओल्या हाताने तो सोडवला, मला दाखवला आणि पाण्यात सोडून दिला. पहलगामच्या हातभर ट्राउटसमोर हा बोटभर अळकूट काय? पण पाण्यावर माशी उतरवण्याची ती सारी कला त्या एका झोक्यात होटगीच्या तळ्यावर मी पाहिली.

घरी येऊन मी वहीतली नावे जुन्या ग्रंथांशी ताडून पाहू लागलो आणि एक विलक्षण गोष्ट हाती आली. कंपनी सरकारच्या फौजेत विल्यम साईक्स नावाचा अधिकारी होता. 1824 पासून दख्खनची शिरगणती, पिके, हवामान यांची माहिती गोळा करण्याचे काम त्याच्याकडे होते. ते करता करता त्याने भीमा आणि मुळा-मुठेच्या काठी बसून मासे जमवले आणि 1839 साली त्यांचे वर्णन लंडनमध्ये प्रसिद्ध केले. माशांना शास्त्रीय नावे द्यायची म्हटल्यावर बहुतेक शास्त्रज्ञ लॅटिन कोश उघडतात. साईक्सने भोयांना विचारले. ते जे म्हणाले, तेच त्याने इंग्रजी अक्षरांत उतरवले. म्हणून शिंगाळा आज जगभर ‘सिंघाला’ आहे, घोगऱ्या ‘गोग्रा’ आहे, कोळशी ‘कोलस’ आहे, आणि मुळा-मुठेतल्या महाशिराला त्याने ‘खुद्री’ हे मराठ्यांच्या तोंडचे नाव दिले. आपल्या अळकुटालाही त्याने ‘अलकूटी’ म्हणून पुस्तकात जागा दिली होती. जपानचा किंवा जर्मनीचा प्राणिशास्त्रज्ञ या माशांबद्दल लिहितो, तेव्हा त्याला न कळत तो भीमाकाठच्या कोणा अनाम भोयाचे मराठी बोलत असतो.

ही रीत पुढेही चालली. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1952 साली कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका माशाचे प्रथम वर्णन केले. तो इतर माशांचे खवले कुरतडून खातो. त्याचे शास्त्रीय नाव त्यांनी ठेवले ‘खवलचोर’. लोकांनी त्या माशाचा स्वभाव एका शब्दात टिपला होता. शास्त्राने तो शब्द नुसता उचलला.

आता हे सारे मी कौतुकासाठी सांगत नाही. खरी गोष्ट पुढेच आहे. नावे पुस्तकात राहिली आणि पाण्यातून मासे चालले. पुण्याखालच्या मुळा-मुठेची आज काय अवस्था आहे, हे वाचकांना मी सांगायला नको. तिथे ‘खुद्री’ शोधायला साईक्स पुन्हा आला, तर नाकाला रुमाल लावून परत जाईल. नद्यांवर बंधारे आले, वाळू गेली, सांडपाणी आले. आणि तळ्यांत आपण आपल्या हातांनी पाहुणे आणून सोडले. रोहू, कटला, मृगळ हे गंगेकडचे. 1957 च्या 10 जुलैला हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन मृगळासारख्या माशांची पैदास करून दाखवली, आणि तेव्हापासून त्यांचे बीज हवे तितके मिळू लागले. त्याने लाखो घरांत अन्न गेले, भोयांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. त्याबद्दल कोणी नाक मुरडू नये. चिलापी आफ्रिकेची, ती 1952 साली देशात आली आणि आता उजनीपासून होटगीपर्यंत तिचेच राज्य आहे. कुठल्याही पाण्यात जगते, वर्षातून अनेकदा विते. मग शिंगाळ्या-खरपीला जागा उरते ती किती?

चांगल्या हेतूनेही कसा घोटाळा होतो, याचे एक उदाहरण आपल्याच घरचे आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकात महाशिराची पैदास सुरू केली. वर सांगितलेल्या कुलकर्ण्यांचा त्या कामात मोठा हात होता. दख्खनचा हा मासा नामशेष होऊ नये, हा हेतू सोन्यासारखा. पण त्याची पिले दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. तिथे स्वतःचा, पाठीला उंचवटा असलेला प्रचंड महाशीर होता. आपला खुद्री तिथे फोफावला आणि घरचा धनी मागे हटत गेला. त्या धन्याला वाचवा, असे म्हणायला लोक पुढे आले, तेव्हा अडचण ही निघाली, की त्याची शास्त्रीय ओळखच पक्की नव्हती. कोणत्या नावाने त्याला संकटग्रस्तांच्या यादीत घालणार? 2018 साली ते नाव निश्चित झाले, आणि त्याच वर्षी तो मासा अतिसंकटग्रस्त ठरला. साहेबांच्या बंदुका आणि गळ यांना पुरून उरलेला पन्नास-पन्नास किलोंचा मासा, पण नाव नाही म्हणून वाली नाही!

ही हकीकत वाचल्यापासून गार्डसाहेबांच्या नावांची वही मला पासबुकापेक्षा मोलाची वाटू लागली आहे. ज्याला आपण नुसता ‘मासा’ म्हणतो, तो नाहीसा झाला तर आपल्याला पत्ताही लागत नाही. कारण बाजारात ‘मासा’ मिळतच असतो. ‘कोळशी’ म्हणणाऱ्यालाच कोळशी गेल्याचे कळते. आणि कोळशी म्हणणारी माणसे आता कोण उरली? जाळे टाकणारे भोई, आणि काठावर दिवसेंदिवस बसून राहणारी ही असली रिकामटेकडी मंडळी. म्हणून तळ्याकाठी रिकामा बसलेला माणूस मला रिकामा वाटत नाही. तो पाण्याची हजेरी घेत असतो.

पण मासे धरणे हे हिंसेचे काम नाही का, असे काही वाचक-भगिनी विचारतील. विचारणे योग्यच आहे. होटगी ही वीरशैव मठाची भूमी. जीवदयेचा उपदेश तिथल्या हवेत आहे. माझ्यापाशी तात्त्विक उत्तर नाही. पण त्या दिवशी मावळतीला जे पाहिले, ते सांगतो.

आम्ही सामान आवरत होतो. काठाच्या पाणकणसांजवळ पाण्यात एक लालसर ढग हलताना दिसला. नीट पाहिले तर ती पिले होती. शेकड्यांनी, काडीएवढी, शेंदरी. सारा थवा एकदम वर येई, तोंडे पाण्याबाहेर काढी आणि खाली जाई. “मरळीची,” गार्डसाहेब हळू आवाजात म्हणाले. “खाली आईबाप असणार.” मरळ ही विचित्र मासोळी. ती हवेत श्वास घेते. तळे आटले तरी ओल्या चिखलात तग धरते. दुष्काळी मुलखाला शोभेल अशीच. आणि पिले लहान असेपर्यंत आईबाप त्यांच्याखाली पहारा देतात. जवळ जे येईल त्यावर तुटून पडतात.

तेवढ्यात दोन तरुण पोरे मोटारसायकल लावून खाली आली. त्यांच्या हातांत नवी, चकाकणारी रीळ लावलेली काठी. त्यांनीही तो ढग पाहिला. अशा वेळी तिथे गळ टाकला की मरळ हमखास लागते. भुकेने नव्हे, रागाने. आमिष खायला ती येत नाही, पिलांवर आले म्हणून चावते. बाजारात मरळीला भाव कोणत्याही माशाहून चढा. पोराने काठी उचलली. गार्डसाहेब उठले. मला वाटले, आता रागावणार.

ते रागावले नाहीत. जवळ जाऊन त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. “बाळ, तिथं नको टाकू.”

“का हो आजोबा? मरळ आहे की तिथं. सोसायटीच्या माणसाला विचारलंय आम्ही.”

“आहे म्हणूनच म्हणतोय. ती आत्ता भुकेली नाही, ड्यूटीवर आहे. ड्यूटीवरच्या माणसाला धरायचं नसतंय. आईबाप गेले तर ही सगळी पिल्लं उद्या सकाळपर्यंत चिलापी खाऊन टाकेल. महिन्यानं ये. मोठी जागा मी दाखवतो तुला.”

पोरगा क्षणभर काठी धरून उभा राहिला. दुसऱ्याने त्याला खुणावले, ‘टाक की!’ त्याने टाकली नाही. दोघे बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेले. जाताना पहिल्याने वळून विचारले, “आजोबा, पिल्लं लाल का असतात?” गार्डसाहेबांनी त्याला हाक मारून परत बोलावले, आणि अंधार पडेपर्यंत ते तिघे त्या ढगाकडे पाहत उकिडवे बसले होते. त्यांतल्या एकाने खिशातून फोन काढून ‘मरळ’ हे नाव लिहून घेतले, हे मी पाहिले.

ट्राउटच्या ओढ्यांवर परवाना लागतो, किती मासे धरायचे याची मर्यादा असते, विणीच्या काळात बंदी असते. होटगीच्या तळ्यावर त्या संध्याकाळी पाटी नव्हती, पहारेकरी नव्हता. जो नियम पाळला गेला, तो एका म्हाताऱ्याच्या तोंडी होता. आपल्या मुलखात असे नियम पूर्वी पुष्कळ होते. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात आणि वाड्याजवळ तिळसे येथे देवाचे म्हणून महाशीर अजून राखले जातात. लोक त्यांना लाह्या-कुरमुरे घालतात, हात लावत नाहीत. तिथे मासा वाचला तो लोकांनी त्याला ओळखून आपला म्हटला म्हणून.

तेव्हा वाचकहो, यंदा दिवाळीला तुम्ही गावी जाल, तेव्हा एक काम करा. घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्क माणसाला, बाजारात मासे विकणाऱ्या मावशीला, नदीकाठच्या भोयाला विचारा, ‘आपल्या नदीत पूर्वी कोणकोणते मासे होते?’ मांसाहार करीत नसाल तरी विचारा. नाव घेतल्याने कोणी बाटत नाही. जी नावे मिळतील, ती मुलांच्या हाताने लिहून घ्या: कोणत्या गावी, कोणत्या पाण्यात, कोणी सांगितले, शेवटी कधी पाहिला. आणि ती यादी या सदराच्या नावाने पाठवा. यादी दोन नावांची असली तरी चालेल. येत्या वर्षभरात हे सदर त्यांना जागा देईल. पहिली सात नावे गार्डसाहेबांची, वर दिलीच आहेत. आठव्या नावाची वाट पाहतो आहे.